वास्तुरचनेच्या संगणकप्रणालीतील ‘खोली’ : स्वयंचलित नामांकनातील दोषांची चिकित्सा

वास्तुकला आणि स्थापत्य अभियांत्रिकी या दोन्ही विद्याशाखांच्या अध्यापनात रेव्हिट ही संगणकप्रणाली आता रुळलेली आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर या नावाने सुरू झालेल्या कंपनीने ती घडवली, २००० मध्ये ती बाजारात आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनीच विकत घेतली. साध्या संगणकीय आरेखनात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा असतात. रेव्हिटमध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदली जाते, तिला जाडी, उंची आणि थर असतात. या भेदावरच एक आश्वासन उभे आहे : भिंती काढा, खोल्यांची नावे, क्रमांक आणि क्षेत्रफळे प्रणाली आपोआप लिहील. प्रस्तुत लेखात या आश्वासनाची चिकित्सा करावयाची आहे. हे नामांकन जेथे फसते, तेथे बहुतेक वेळा ‘खोली’ कशाला म्हणावयाचे हा आधीच ठरवायला हवा होता असा प्रश्न अनुत्तरित राहिलेला असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम, आपोआप नेमके काय होते ते पाहू. सर्व खोल्या एकदम ठेवण्याची आज्ञा दिली की प्रणाली त्या मजल्यावरील प्रत्येक बंदिस्त जागा शोधते, तिचे क्षेत्रफळ काढते आणि तिला पुढचा क्रमांक देते. नाव मात्र सर्वांना एकच मिळते : ‘रूम’. शयनगृह कोणते आणि कोठार कोणते हे तिला ठाऊक नसते. ते माणसानेच लिहावयाचे असते. क्रमांकही माणूस इमारतीत ज्या वाटेने फिरेल त्या क्रमाने पडतील असे नाही. अर्थात ‘स्वयंचलित नामांकन’ हा शब्दप्रयोगच सैल आहे; येथे मापन स्वयंचलित आहे, नामांकन नव्हे.

दुसरा गोंधळ खोली आणि तिची पाटी यांतील भेदाचा. रेव्हिटमध्ये ‘रूम’ ही इमारतीची वस्तू आहे. ‘रूम टॅग’ ही त्या वस्तूची माहिती वाचून दाखवणारी, एका विशिष्ट आराखड्यापुरती लावलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठी पुसली तरी खोली राहते. खोली आराखड्यातून पुसली तरी ती प्रकल्पातून नाहीशी होत नाही, शेड्यूलमध्ये ‘जागी न ठेवलेली’ म्हणून शिल्लक राहते. एका आराखड्यात सर्व पाट्या दिसतात आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या आराखड्यात एकही दिसत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर इतकेच की तेथे त्या लावलेल्याच नाहीत. ‘टॅग ऑल’ ही आज्ञा चालू आराखड्यापुरतीच काम करते. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीच्या प्रकल्पात यात ‘फेज’ची भर पडते. सध्याच्या स्थितीच्या टप्प्यात ठेवलेली खोली नव्या बांधकामाच्या आराखड्यात दिसत नाही, आणि विद्यार्थी ती हरवली असे समजून पुन्हा ठेवतो.

याहून गंभीर दोष म्हणजे खोली ‘बंदिस्त नाही’ असा शेरा. याची कारणे समजून घेण्यासाठी जमिनीवर पाणी ओतल्याची कल्पना करावी. पाणी ज्या कडांना अडेल ती खोलीची हद्द. दार भिंतीत बसवलेले असते, त्यामुळे तेथे भिंत तुटत नाही आणि पाणी अडते. परंतु स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांमध्ये भिंत तोडून मोकळी वाट ठेवली, तर दोन्ही जागा एकच होतात. तेथे दुसरी खोली ठेवली की ती ‘अतिरिक्त’ ठरते. एखाद्या भिंतीचा ‘रूम बाउंडिंग’ हा गुणधर्म काढलेला असेल, तर ती डोळ्यांना दिसते पण पाणी अडवत नाही. दुसऱ्या फाइलमधून जोडलेल्या भिंतींचेही तसेच : जोडणीच्या गुणधर्मात मुद्दाम खूण केल्याखेरीज त्या हद्द म्हणून धरल्या जात नाहीत. सर्वांत फसवे कारण उंचीचे आहे. ही तपासणी मजल्याच्या एका ठरावीक प्रतलावर होते आणि मुळात ते प्रतल फरशीच्या पातळीवर असते. भिंत एखाद्या कठड्यावरून किंवा उंचवट्यावरून सुरू होत असेल, तर त्या पातळीवर भिंतच नसते. आराखडा छेदाच्या उंचीवरून पाहिला जात असल्याने कागदावर सारे अखंड दिसते आणि कारण सापडत नाही. अशा वेळी ‘कॉम्प्युटेशन हाइट’ वाढवावी लागते. निदानाचा सोपा मार्ग म्हणजे दृश्याच्या मांडणीत खोल्यांचा अंतर्गत रंग दाखवणे. रंग कोठून बाहेर पसरतो ते पाहिले की दोषाची जागा कळते.

प्रत्यक्षात मात्र एक वेगळाच उपाय रूढ झालेला दिसतो. पाटी येत नाही म्हटल्यावर त्या जागी साधा मजकूर टंकलिखित करून ‘शयनगृह, १२.०० चौ. मी.’ असे लिहून टाकणे. छापील कागदावर खऱ्या पाटीत आणि या मजकुरात फरक करणे अवघड असते. भिंत उद्या सरकली तर पाटीतील आकडा बदलेल, मजकुरातील बदलणार नाही. परीक्षणात अशा मजकुराला पूर्ण गुण मिळत असतील, तर आपण दोष झाकण्याचे शिक्षण देत आहोत असेच म्हणावे लागते.

हा आकडा केवळ शोभेचा नाही, हे चटईक्षेत्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने सदनिकेच्या चटईक्षेत्राची व्याख्या केली आहे. बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे कूपक, स्वतंत्र बाल्कनी आणि स्वतंत्र उघडी गच्ची यांचे क्षेत्र त्यातून वगळले आहे. सदनिकेतील आतल्या विभाजक भिंतींखालील क्षेत्र मात्र धरले आहे. आता समजा, प्रत्येकी ३ मीटर × ४ मीटर अशा दोन खोल्या ४ मीटर लांबीच्या बाजूने लागून आहेत. मधली भिंत ११५ मिलिमीटरची व बाहेरच्या २३० मिलिमीटरच्या आहेत. प्रणालीत क्षेत्रफळ भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत मोजण्याचा पर्याय असेल, तर पाट्यांची बेरीज २४ चौ. मी. येते. कायद्याच्या व्याख्येनुसार मधल्या भिंतीचे ०.४६ चौ. मी. मिळून ते २४.४६ व्हावयास हवे. भिंतीच्या मध्यरेषेपर्यंत मोजण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर हीच बेरीज सुमारे २६.८४ होते; म्हणजे सुमारे २.३८ चौ. मी. किंवा पंचवीस चौरस फुटांहून अधिक फरक, तोही दोनच खोल्यांत. तिन्ही आकड्यांत गणिताची चूक कोठेही नाही. पहिल्या दोन पाट्या ‘खोली’चे मोजमाप सांगतात, कायदा ‘सदनिके’चे सांगतो, आणि घर घेणारा पाटीवरील आकड्यांची बेरीज करून दर लावतो. प्रणालीत यासाठी स्वतंत्र क्षेत्र-आराखड्याची सोय आहे, जेथे हद्द माणसाला स्वतः आखता येते. ती वापरण्यास अधिक वेळ लागतो एवढेच. मोजण्याचा पर्याय कोणता निवडला हे मात्र पाटीवर कोठेच उमटत नाही, आणि ही त्रुटी प्रणालीच्या पदरात टाकावीच लागेल.

मराठी मुलखातील वाड्यांचे दस्तऐवजीकरण करताना हा प्रश्न आणखी खोल जातो. पुण्यातील विश्रामबागवाडा किंवा नाना वाडा यांसारख्या वास्तूंत चौकाभोवतीची ओसरी चौकाच्या बाजूने खुली असते. मध्ये असतात ते लाकडी खांब. प्रणाली खांबांना हद्द मानते, पण दोन खांबांमधून पाणी मोकळेच वाहते. परिणामी चौक आणि भोवतीच्या ओसऱ्या मिळून एकच खोली होते आणि आभाळाखालची जागाही बंदिस्त क्षेत्रात मोजली जाते. यावर ‘रूम सेपरेशन’ रेषा आखण्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. ती रेषा कोठे आखावयाची, हे मात्र कोणतीही मार्गदर्शिका सांगत नाही. जोत्याची कड, खांबांची ओळ आणि वळचणीची रेषा या तीन वेगळ्या रेषा आहेत. बसणाऱ्याच्या दृष्टीने ओसरी जोत्याच्या कडेपर्यंत आहे, सुताराच्या दृष्टीने खांबापर्यंत, आणि पावसाळ्यात पागोळ्या पडतात तेथपर्यंत. आपल्याकडे घराचा विस्तार खणांत मोजण्याची रीत होती. दोन खांबांमधले अंतर हेच तिचे एकक. त्या रीतीला भिंतीची गरज नव्हती.

नावांचे त्रांगडे वेगळेच. माजघरात दिवसा पंगत बसते, रात्री अंथरुणे पडतात. बाळंतिणीची खोली ही काही महिन्यांपुरतीच त्या नावाची असते. देवघर अनेकदा माजघराच्या भिंतीतील एक कोनाडा असतो. त्याला नाव आहे, पण प्रणालीच्या लेखी ती खोली नाही. आंतरराष्ट्रीय आयएसओ १६७३९ मानकात ‘स्पेस’ची व्याख्या ‘प्रत्यक्ष किंवा तात्त्विक रीतीने’ सीमित अशी केलेली आहे. म्हणजे भिंत नसलेल्या जागेलाही तेथे मान्यता आहे. तात्त्विक सीमा कोणी व कोणत्या आधारावर ठरवली, हे नोंदवण्याचे काम मात्र आरेखकावर राहते.

ते काम आजच्या प्रणालीतही करता येते. प्रत्येक खोलीच्या ‘कॉमेंट्स’ या रकान्यात हद्दीचा आधार लिहावा : भिंत, खांब, जोते किंवा वळचण. हा रकाना शेड्यूलमध्ये क्षेत्रफळाच्या शेजारी दाखवता येतो. विद्यार्थ्याच्या आराखड्याचे परीक्षण करताना पाट्यांआधी हे शेड्यूल मागवावे, त्यातील ‘बंदिस्त नाही’, ‘अतिरिक्त’ आणि ‘जागी न ठेवलेली’ या शेऱ्यांच्या ओळी प्रथम वाचाव्यात, आणि ओसरीसमोर ‘जोते’ असे लिहिलेले असेल तर ते वळचण का नाही, हे त्याला तोंडी विचारावे.