खण, दोरा आणि वस्त्रदालन

साताऱ्याच्या बाजारातील एका गल्लीस खणआळी असे नाव आहे आणि सांगलीच्या जुन्या पेठांपैकी एकीस कापडपेठ म्हणतात. खण या शब्दाचे मराठीत अर्थ अनेक असले, तरी बाजारातील गल्लीच्या नावात लोकांच्या कानास ऐकू येतो तो चोळीचाच खण. या दोन्ही नावांचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. ती ज्या वस्तूंवरून पडली आहेत त्या वस्तू अपुऱ्या आहेत. कापड म्हणजे वस्त्र नव्हे आणि खण म्हणजे चोळी नव्हे. जी वस्तू विकत घेतल्यानंतर कोणाच्या तरी हाताचे काम शिल्लक राहते, अशा वस्तूंचा हा बाजार होता. सुई, दोरा, अस्तर, हूक, टिचबटण, नाडी, साडीचा फॉल या साऱ्यांचा व्यापार त्या शिल्लक कामावर उभा होता.

आज त्याच शहरांत ज्या मोठ्या, मजल्यांवर मजले चढविलेल्या दुकानांच्या जाहिराती दिसतात, ती स्वतःस दुकान म्हणवून घेत नाहीत. ती 'वस्त्रदालने' असतात, क्वचित 'महावस्त्रदालने' असतात. शब्दाची निवड अर्थपूर्ण आहे. आळी आणि पेठ यांतून मनुष्य जातो येतो. दालनात तो प्रवेश करतो आणि तेथे त्याचे आतिथ्य होते. आतिथ्याचे प्रकारही ठरत आले आहेत: बसावयास सोफे, चहाकॉफीची सोय, मुलांसाठी खेळण्याचा कोपरा, छायाचित्र काढून घेण्यासाठी सजविलेली भिंत, कोणत्या समारंभास काय शोभेल याविषयी सल्ला. या साऱ्यास मिळून 'जीवनशैली' असा शब्द वापरला जातो. या दालनात दोऱ्याचे रीळ मात्र बहुधा मिळत नाही.

या वस्तुस्थितीवर जी टीका सामान्यतः होते ती पाश्चात्त्य टीकेचे प्रतिध्वनीरूप आहे. मोठ्या विभागीय भांडारांनी शिवणसाहित्याचा विभाग बंद केला, त्या जागी उपाहारगृहे, सौंदर्यगृहे आणि तत्सम सेवा आणल्या, आणि त्यामुळे एक घरगुती कला लोपली, असा तिचा सूर असतो. पश्चिमेपुरते यात तथ्य आहे, कारण तेथील भांडारांचा जन्मच कापड आणि शिवणसाहित्य यांतून झाला. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुईस याने १८६४ साली उघडलेले दुकान कापडचोपडाचे होते. पॅरिसचे बाँ मार्शे १८५२ नंतर आरिस्तीद बुसिको याच्या हाती वाढले तेही अशाच मालावर. पूर्वेकडील उदाहरण अधिक बोलके आहे. जपानमधील मित्सुकोशी हे भांडार १६७३ साली स्थापन झालेल्या एचिगोया या कापडदुकानाचे वंशज होय; १९०४ साली त्याने स्वतःस विभागीय भांडार म्हणून जाहीर केले. एचिगोयाची कीर्ती झाली ती गिऱ्हाइकास हवे तेवढेच कापड तोडून रोख व ठरल्या भावाने देण्यामुळे. संपूर्ण ठाणच घेतले पाहिजे हा तोवरचा निर्बंध तिने मोडला. अशा घराण्यातील भांडाराने पुढे कापड आणि दोरा दूर सारला, तर त्यास कुळधर्म सोडला असे म्हणता येईल.

सातारा-सांगलीस हा आरोप लागू पडत नाही. हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत बहुतांशी एकाच साताऱ्याचा आणि त्याच्या आसपासच्या संस्थानांचा प्रदेश होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशात विभागीय भांडार नावाची संस्था कापडदुकानाच्या पोटातून हळूहळू वाढली नाही. तिचा नमुना तयार स्थितीत मोठ्या शहरांतून आला. मुंबईस शॉपर्स स्टॉप १९९१ साली सुरू झाले. त्या पिढीच्या दुकानांत शिवणसाहित्य हा विभाग प्रारंभापासूनच प्रमुख नव्हता. त्या नमुन्यावर बेतलेल्या दालनाने दोरा काढून टाकला असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. त्याने तो कधी ठेवलाच नव्हता. कापडपेठ व खणआळी एकीकडे आणि दालन दुसरीकडे, असे दोन बाजार एकाच गावात शेजारी शेजारी उभे राहिले. त्यांचा परस्परसंबंध काय, हा खरा प्रश्न आहे, आणि हरवलेल्या कलेबद्दलचा शोक त्यास स्पर्शही करीत नाही.

सेवा आणि मनोरंजन हे भांडारात अलीकडे शिरलेले विकार आहेत हा समजही तपासून पाहावा लागतो. एमिल झोला याची 'ओ बोनेर दे दाम' ही कादंबरी १८८३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील भांडाराचा चालक मूरे हा गिऱ्हाइकांसाठी वाचनकक्ष उघडतो, सरबत आणि बिस्किटे फुकट ठेवतो. समोरच्या अंधाऱ्या दुकानात बोदू हा जुना कापडवाला कुटुंबासह झिजत जातो. आजच्या दालनातील कॉफीचे यंत्र हे या सरबताचेच दूरचे नातेवाईक आहे. तथापि झोलाच्या भांडारात रेशीम, लेस, फिती यांचे विभाग वैभवात असतात, इतके की एका प्रतिष्ठित घरातील स्त्री लेस चोरताना पकडली जाते. अपुरी वस्तू तेथे अजून मोहाची वस्तू आहे. लेसचा तुकडा पाहताना त्या स्त्रीच्या मनात न शिवलेले वस्त्र उभे राहते. सेवांचे आगमन आणि अपुऱ्या वस्तूचे निर्गमन या दोन घटना टीकाकार एकत्र बांधतात; कादंबरीची साक्ष अशी की त्यांपैकी पहिली दुसरीवाचून शंभर वर्षे नांदू शकली.

मग दोऱ्यास दालनात जागा का नाही? कारण प्रथम हिशेबाचे आहे. शिवणसाहित्याच्या दुकानात मालाची किंमत थोडी आणि जाती असंख्य. एकाच लाल रंगाच्या दहा-बारा छटा ठेवाव्या लागतात, कारण गिऱ्हाईक साडीचा पदर घेऊन येते आणि त्याच्याशी जुळणारे अस्तर मागते. अशा दुकानांना आपल्या गावांत 'मॅचिंग सेंटर' हे नाव पडले. शब्द इंग्रजी असला तरी रूढी अस्सल इथली आहे, आणि 'मॅचिंग' याचे नाम करून टाकण्याचे धाडस मराठी बाजारानेच केले. एक हूक, अर्धा मीटर लेस, सुट्या सहा गुंड्या या विक्रीस यंत्राने वाचावयाची पट्टी चिकटविता येत नाही. शिवाय विक्रेता जाणता लागतो. कोणत्या कापडास १४ क्रमांकाची सुई आणि कोणत्यास १६, सुती अस्तर आधी भिजवून आटवावे की नाही, हे त्यास सांगता आले पाहिजे. दालनातील सल्लागार काय शोभेल ते सांगतो. हा कसे टिकेल ते सांगतो. चौरस फुटाच्या भाड्यावर चालणाऱ्या दुकानास दुसऱ्या प्रकारचा सल्ला परवडत नाही. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपलीकडे गेली व पेठांत पाणी शिरले, तेव्हा या व्यापाराचे दुबळेपण आणखी एका बाजूने उघड झाले. रंगांची ओळ अखंड असणे हीच ज्या दुकानाची मालमत्ता, त्याची निम्मी रिळे भिजली तरी उरलेल्या निम्म्यांचे मोल निम्मे राहत नाही.

दालनाने शिवणीशी संबंध तोडला आहे असे मात्र नाही, आणि प्रचलित टीका चुकते ती नेमकी येथे. साडीच्या दुकानांतून 'फॉल-पिको करून मिळेल' ही पाटी सर्वत्र आढळते. पुष्कळदा ते मोफत मिळते. ब्लाऊज शिवून देण्याची, कपडा अंगाबरोबर करून देण्याची व्यवस्था असते. पूर्वी साडीबरोबर फॉल विकत घेतला जाई आणि दुपारच्या निवांत वेळी घरातली बाई तो हाताने लावी. आता फॉल ही वस्तू उरली नाही. फॉल लावणे ही सेवा झाली. सेवा या शब्दाचा मराठीतील जुना अर्थ ध्यानी घेतला तर सेवा करणारा कोणीतरी समोर असतो. येथे तो समोर नसतो. साडी दोन दिवसांनी तयार मिळते. मधल्या दोन दिवसांत ती कोठे होती हे गिऱ्हाईक विचारीत नाही. ती बहुधा कोणा स्त्रीच्या घरी, नगावर मोबदला घेणाऱ्या हाताखाली असते.

म्हणजे शिवण लोपलेली नाही. ती गिऱ्हाइकाच्या हातून निघून न दिसणाऱ्या हाताकडे गेली आहे. यास केवळ अधोगती म्हणणेही अन्यायाचे होईल. घरातली शिवण ही सदैव आनंदाची कला नव्हती. ठिगळ, रफू, उसवलेली टीप आणि मुलांचे वाढते कपडे यांचा तो न संपणारा बोजा होता. गावोगावच्या वाकळी धावदोऱ्याने भरल्या गेल्या त्या थंडीपायी, सौंदर्यदृष्टी मागाहून. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून स्त्रियांना शिवण शिकविली ती त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी. पुढे किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. त्या पिढीच्या सुधारकांना शिवणयंत्रात स्त्रीच्या स्वातंत्र्याचे एक साधन दिसले ते उगाच नव्हे. गांधीजींनीही १९२४ साली यंत्रविरोधाच्या चर्चेत सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद म्हणून मान्यता दिली. शिवणीचा मोबदला मिळणे ही प्रगतीच होय. आक्षेप मोबदल्यास नाही. तो मोबदला 'मोफत' या शब्दाआड दडविला जातो आणि त्यामुळे त्याची घासाघीस करावयास कोणी उरत नाही, हा आक्षेप आहे.

खणाचे जे झाले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. खण हे मुळात एक माप. एका चोळीस पुरेल एवढे कापड, ही त्याची व्याख्या. म्हणजे वस्तूच्या नावातच पुढचे काम नोंदलेले. गुळेदगुड्डच्या विणकरांचा माल या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या आला. जात्यावरील ओव्यांत भावाने बहिणीस घेतलेली चोळी आणि ती शिवणारा शिंपी हे पुनःपुन्हा भेटतात, कारण खण घेणे, तो शिंप्याकडे नेणे, शिवून आणणे ही प्रेमाची एक सलग कृती होती. आज खणाच्या दोन गती झाल्या आहेत. ओटीत घालावयाचे ब्लाऊजपीस घरोघर फिरते. ते कोणी शिवीत नाही, पुढच्या ओटीसाठी ठेवून देते. तेथे अपुरी वस्तू अपुरीच राहून पूज्य झाली आहे, आणि तिचा पन्हा, पोत, रंग यांकडे देणारी वा घेणारी कोणीच पाहत नाही. दुसरी गती दालनात दिसते. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या निघाल्या, पिशव्या निघाल्या, लहान मुलींचे झगे निघाले. त्या देखण्या आहेत, आणि त्यांच्यामुळे काही मागांना काम मिळाले असेल तर ते स्वागतार्हच आहे. परंतु सहावारी खण हा शब्दप्रयोग ज्यास खटकत नाही, त्याच्या लेखी खण हे माप उरलेले नाही. उरली आहे ती काठांची आणि बारीक वेलबुट्टीची एक मुद्रा. वाकळीचेही तेच. जी घरी शिवताना गरिबीची खूण होती, ती 'गोधडी' या नावाने दालनात मांडली की आवड ठरते. टाका तोच असतो; तो कोणी घातला हे मात्र सांगितले जात नाही. सांगितलेच तर एखाद्या हसऱ्या छायाचित्राने.

साहित्याच्या अभ्यासकास यात परके असे काही नाही. ग्रामीण जीवनातील वस्तू नागर वाचकापुढे येताना आपला उपयोग मागे ठेवून केवळ रंग घेऊन येतात, हा आक्षेप ग्रामीण वाङ्मयाच्या समीक्षेत जुना आहे. दालनाने तीच क्रिया कापडावर केली आहे.

शासनाचे धोरण यात आणखी एक पदर जोडते. शिवणयंत्रांचे वाटप ही जिल्हा परिषदांच्या महिलाविषयक योजनांतील परिचित बाब आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश झाला त्यांत शिंपीकामही आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. यंत्र घरी येते. परंतु यंत्र दर आठवड्यास काही ना काही मागते: सुई, बॉबिन, तेल, वादी, रंगाशी जुळणारा दोरा. हे साहित्य सुटे, थोडे आणि जवळ मिळाले पाहिजे. अमेरिकेत जोआन ही १९४३ साली सुरू झालेली शिवणसाहित्याची दुकानमालिका दोनदा दिवाळखोरीत जाऊन २०२५ साली बंद झाली. सुमारे ८०० दुकाने मिटली, तेव्हा घरी शिवणाऱ्यांपुढे प्रश्न आला तो कापड स्पर्श करून कोठे पाहावे याचा. सातारा-सांगलीत ती वेळ आलेली नाही. खणआळीसारख्या गल्ल्यांतील लहान दुकाने हे काम करीत आहेत. त्यांचे गिऱ्हाईक तेवढे बदलले आहे. पूर्वी एका साडीपुरता फॉल घेणारी गृहिणी येई. आता तिच्याबरोबर पाच-पन्नास साड्यांचे काम घरी नेणारी स्त्रीही येते. नगावर काम करणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे दोरा आणि वीज पुष्कळदा तिच्याच पदरची असते. दालनाने गिऱ्हाइकास मोफत म्हणून दिलेल्या टिपेचे रीळ ती गल्लीतून रोखीने विकत घेते, आणि रंग जुळला नाही तर बदलून नेण्यासाठी तिलाच पुन्हा यावे लागते.