'स्मशानातील सोनं' आणि आजचे झारेकरी

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेची गणना भयकथांत किंवा दारिद्र्यकथांत करून आपण बहुधा मोकळे होतो. वर्गात ती शिकविताना आम्हीही तेच करीत आलो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु गेल्या वर्षी जळगावात एका भंगाराच्या दुकानापुढे एक मुलगा पक्कडीने मोबाईलमधील हिरव्या पाट्या सोलीत बसलेला दिसला, आणि कथा पुन्हा उघडून वाचणे भाग पडले.

कथा सर्वश्रुत आहे. खाण बंद पडल्याने बेकार झालेल्या भीमाला राखेत सोन्याची अंगठी सापडते. तेथून तो राख चाळू लागतो व पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. अखेर एका धनिकाचे प्रेत उकरताना त्याची कोल्ह्यांशी झुंज होते, मुडद्याच्या जबड्यात हात अडकतो, दोन बोटे कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. ह्या शेवटास पापाचे प्रायश्चित्त म्हणणारे वाचक आहेत. आम्हांस ते मान्य नाही. भीमाची बोटे जातात ती पापाने नव्हे, तर कामाच्या अभावी.

टाकलेल्यातून सोने काढणे हा आपल्याकडे अप्रतिष्ठित का होईना, पण मान्य धंदा होता. सोनाराच्या दुकानातील केर विकत घेऊन, धुऊन, त्यातील कण वेगळे करणाऱ्यास झारेकरी म्हणत. सोन्याच्या पेठेसाठी नावाजलेल्या जळगावात हा शब्द तरी विस्मृतीत जाऊ नये. आज तो केर घरोघरच्या कपाटांत आहे. खाणीतील टनभर दगडांतून सोने निघते ते बहुधा काही ग्रॅमच. टनभर जुन्या मोबाईलांत ते शेकडो ग्रॅम असते. मात्र ते पाण्याने धुऊन निघत नाही. ते विरघळवावयास तीव्र अम्ले लागतात, तांबे सुटावे म्हणून तारा उघड्यावर जाळतात, आणि डाखातील शिशाचा धूर श्वासाबरोबर आत जातो. दिल्लीच्या सीलमपुरात सुटे भाग वेगळे करण्याचे आणि मुरादाबादेस रामगंगेच्या काठी पाट्या जाळण्याचे काम असेच चालत आल्याचे वृत्तान्त कित्येकदा प्रसिद्ध झाले आहेत. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लक्ष टन असा कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा झाल्याची नोंद अवघ्या २२.३ टक्क्यांची आहे.

येथे उपमा ताणू नये. प्रेताच्या अंगावरील सोन्यास मृताचे आप्त धनी असतात, त्यामुळे भीमाच्या कृत्यास एक काळी कड आहेच. धुळ्याच्या किंवा जळगावच्या गल्लीत हातगाडी फिरवून बंद पडलेला दूरदर्शनसंच रोख पैसे देऊन नेणाऱ्याच्या व्यवहारात तशी कड कोठे आहे? असे असता, १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेले ई-कचरा नियम वाचावेत. त्यांत उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, वस्तूंची यादी पूर्वीच्या २१ वरून १०६ वर नेली आहे, कामगारांच्या आरोग्याची व कौशल्याची तजवीज राज्य शासनाने करावी असेही म्हटले आहे. हे सर्व स्तुत्यच. परंतु नोंदणी आहे ती कारखानदारांची. हातगाडीवाला त्यांत नावाने येत नाही. नियमांच्या भाषेत त्याला पात्रच नाही. एवढ्यापुरते तरी अण्णा भाऊ ह्या नियमकर्त्यांहून श्रेष्ठ ठरतात: त्यांनी त्या माणसास नाव दिले, बायको दिली, मुलगी दिली.

कथेत दोष नाहीत असे नव्हे. कोल्ह्यांची झुंज लांबली आहे. तेथे लेखकाची वीररसाची हौस कथेच्या आड येते. दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. भीमा सोने विकतो, पण ते घेणारा कोण, तो काय विचारतो, कोणता भाव देतो, ह्याकडे लेखकाचे लक्ष नाही. विकणाऱ्याचा हात आपण इतका जवळून पाहतो की घेणाऱ्याचा हात दिसतच नाही, आणि तो हात आपल्या वर्गाचा असण्याचा संभव अधिक. आमच्याच घरी तीन जुने मोबाईल फडताळात पडून होते. दिवाळीच्या आवराआवरीत ते दाराशी आलेल्या गाडीवर गेले. पुढे त्यांचे काय झाले, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही.

शेवटी खाण सुरू झाल्याचे ऐकून भीमा लहान मुलासारखा रडतो. वर्गात हा परिच्छेद वाचला की मुले नेहमी विचारतात, तो बोटांसाठी रडतो की खाणीसाठी? पहाड फोडणाऱ्या हाताची किंमत त्याला सोन्याच्या हिशेबात कळलेली नव्हती. ती सुतकी-घणाच्या हिशेबात कळली, असे आम्ही आजवर सांगत आलो. यंदा मात्र एका विद्यार्थिनीने उठून विचारले, "सर, तुटक्या बोटांनी त्याला खाणीत परत घेतील का?" कथेत ह्याचे उत्तर नाही.