‘च्यायला’ : व्युत्पत्ती, प्रवृत्ती आणि ग्राम्यतेचा प्रश्न

‘च्यायला’ हा उद्गार षष्ठीच्या ‘च्या’ या रूपाने सुरू होतो. हा प्रत्यय ज्या सर्वनामाला लागावयाचा ते (‘तुझ्या’, ‘त्याच्या’, ‘तिच्या’) गळलेले असते आणि ‘आयला’नंतर यावयाचे क्रियापदही अनुच्चारित राहते. मुंबई-कोलकाता महामार्ग गोंदिया जिल्ह्यात कोहमारा येथे गोंदियाच्या रस्त्याला मिळतो. तेथवर पोहोचेतो ‘आय’ची ‘माय’ झालेली असते. ‘मायला’ या वैदर्भी उद्गारात तर ‘च्या’देखील उरत नाही. नाम प्रांतागणिक बदलते, परंतु लोपाची रीत तीच राहते.

अशा शब्दांविषयीचा वाद बहुधा व्युत्पत्तीच्या आधारे सोडविला जातो. २०१० साली महेश मांजरेकर यांच्या ‘शिक्षणाच्या आयचा घो’ या चित्रपटाच्या शीर्षकावर आक्षेप घेतले गेले. ‘घो’ म्हणजे मालवणीत नवरा. तेव्हा ‘आयचा घो’ म्हणजे केवळ बाप, असा बचाव येथे शक्य होतो. हा बचाव फसवा आहे. मूळ अर्थ निरुपद्रवी म्हणून प्रयोगही निरुपद्रवी, हा न्याय मानला, तर ‘च्यायला’चे मूळ अश्लील असल्याने त्याचा प्रत्येक प्रयोग अश्लील मानावा लागेल. मित्राला अचानक पाहून ‘च्यायला, तू इथे?’ म्हणणाऱ्याच्या मनात शिवी नसते. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे मानले आहे. ‘कुशल’ शब्द ऐकताना दर्भ तोडणारा कोणाला आठवत नाही.

मात्र एवढ्यावर थांबणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. ‘कुशल’मधील दर्भ परत येत नाही, ‘च्यायला’मधील सर्वनाम मात्र केव्हाही परत येऊ शकते. ‘तुझ्या’ एवढा शब्द मागे जोडला की उद्गाराची शिवी होते. म्हणजे या शब्दाचे सौम्यत्व अर्थ झिजल्यामुळे जितके आले आहे, त्याहून अधिक ते समोरची व्यक्ती व्याकरणातून वगळली गेल्यामुळे आले आहे. अपमान करावयाचा तो माणूस वाक्यातून सुटला, त्याची आई मात्र सुटली नाही. वेदनेतल्या ‘आई गं’मध्ये जिला हाक घातली जाते, तिलाच येथे विभक्ती लावून कर्माच्या जागी ठेवले जाते. शिवाय हा उद्गार पुरुषाच्या तोंडी मोकळेपणाचा आणि स्त्रीच्या तोंडी उच्छृंखलपणाचा ठरतो. सौम्यत्वाचा हा परवाना सर्वांना सारखा मिळालेला नाही.

समीक्षेच्या दृष्टीने याचे महत्त्व आहे. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या कादंबरीपासून बोलभाषेतील शिवराळपणाची चर्चा आपल्याकडे ‘अश्लील की वास्तव’ या द्वंद्वात अडकली. ‘लोक असेच बोलतात’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. साहित्यकृतीत असा शब्द आला की त्यातून काय गाळले आहे, ते गाळण्याची मुभा कोणत्या पात्राला आहे आणि कोणाला नाही, हे तपासले पाहिजे. काव्यशास्त्रानेही अश्लीलत्व व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल यांच्या व्यंजकत्वावरून ठरविले होते. व्यंजना पाहावयाची तर वक्ता आणि श्रोता दोघेही विचारात घ्यावे लागतात. कोशातील नोंद त्यासाठी पुरत नाही.