आवळ्याने रंगाचे विष उतरते का?

‘अँटिऑक्सिडंट घ्या, विषारी धातूंपासून डीएनए सुरक्षित राहील’ हा दावा आरोग्यविषयक लेखांत वरचेवर आढळतो. पेणच्या गणपती-कारखान्यांच्या संदर्भात तो तपासून पाहू.

समजा, मूर्तीच्या पिवळ्या रंगात लेड क्रोमेट आहे. फवारणी करताना त्यातले षट्संयुजी क्रोमियम फुप्फुसात जाते. ‘क’ जीवनसत्त्व त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम करते. हे पेशीबाहेर घडले तर बचाव होतो, कारण हे रूप पेशीत सहजी शिरत नाही. पेशीच्या आत घडले तर मात्र तेच डीएनएला चिकटते. रक्षकच घरभेदी ठरतो! हा भेद असे लेख सांगत नाहीत.

परीक्षानळीतले यश माणसात टिकेलच असेही नाही. अमेरिकेत धूम्रपान करणारे व अ‍ॅस्बेस्टॉस कामगार यांना बीटा-कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व दिले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक आढळला. १९९६ मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

आवळा जरूर खावा, पण अन्न म्हणून. खरा बचाव म्हणजे शिसे-क्रोमियमविरहित रंग, योग्य मुखपट्टी, आणि जेवणापूर्वी धुतलेले हात. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग आहे. विद्यार्थ्यांना आपण आधी रंगाच्या डब्यावरील मजकूर वाचायला शिकवू या.