उंच खांब, मुकें केंद्र

महाबळेश्वरीं वर्षाला सरासरी पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो; त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, माण तालुक्यांत, त्याचा दहावा हिस्साही धड पडत नाहीं. एकाच जिल्ह्यांत हीं दोन टोकें असतां, दोहोंकडील शेतकऱ्यांस मुंबईच्या एकाच खोलींतून एकच सल्ला मिळावा, ही गोष्ट विचित्र खरी. आपल्याकडील दूरदर्शनाच्या इतिहासाचें परीक्षण करतांना आम्ही हें उदाहरण मुद्दाम आरंभीं ठेवतों. कारण स्थानिक केंद्राचा प्रश्न हौसेचा नसून गरजेचा आहे.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्याच्या गुणांविषयीं आम्ही कृपणता करूं इच्छीत नाहीं. नाटक, साहित्यचर्चा, ‘आमची माती, आमची माणसं’ यांसारखे कार्यक्रम त्यानें घरोघर नेले, हें मान्यच केलें पाहिजे. पुढें १९८२ सालीं दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि १९८४ च्या सुमारास लहान लहान शहरांतून प्रक्षेपक झपाट्यानें उभे राहिले. दूरदर्शनच्या लहरी बहुधा सरळ रेषेंत जातात. मध्यें डोंगर आला कीं खोऱ्यावर त्याची सावली पडते. त्यामुळें सह्याद्रीच्या मुलुखांत उंच जागेस मोल आलें. परंतु प्रक्षेपक म्हणजे केंद्र नव्हे. दुसऱ्याचें बोलणें पुढें पोहोंचविणारा तो केवळ खांब होय. आमच्या जिल्ह्यांना कान मिळाले. तोंड मिळालें नाहीं.

याहून निराळें कांहीं शक्य नव्हतें काय? शेजारच्या गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील पीज या गांवीं १९७५ पासून १९८५ पर्यंत अवघ्या एक किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक चालला. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रानें त्यावरून मजुरी, अस्पृश्यता, दूधधंदा या विषयांवरचे कार्यक्रम खेडुतांच्याच बोलींत व त्यांच्याच सहभागानें दाखविले. या कार्यास युनेस्कोचें पारितोषिकही लाभलें. तरी १९८५ सालीं तें बंद पडलें. पैशाची वा बुद्धीची वाण होती असें यावरून म्हणतां येत नाहीं. वाण होती ती जिल्ह्यावर विश्वास टाकण्याच्या वृत्तीची. अमेरिकेंत दूरदर्शन केंद्राचा परवानाच विशिष्ट गांवाच्या नांवें दिला जातो, आणि त्या गांवाची सेवा हें त्याचें कर्तव्य मानलें जातें. आपल्याकडे ही कल्पना रुजली नाहीं.

कोणी म्हणेल, जिल्ह्याचें केंद्र म्हणजे सत्कारसमारंभांचा चव्हाटा! हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. १९९० नंतर केबलचालकांनीं गांवोगांव ज्या वाहिन्या काढल्या, त्यांवर गणेशोत्सव, वाढदिवस व जाहिराती यांचीच गर्दी असे. परंतु त्यांतही आपली गल्ली पडद्यावर पाहण्याची लोकांची ओढ खरी होती. दोष ओढीचा नव्हे. तिला वळण लावणाऱ्या संपादकाच्या अभावाचा होय.

तें वळण लागूं शकतें, याची साक्ष ध्वनीनें दिली आहे. सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ पासून कृष्णाकांठच्या शेतकऱ्यांशीं त्यांच्या भाषेंत बोलत आलें. पुढें २००८ सालीं माण तालुक्यांतील म्हसवड येथें ‘माणदेशी तरंग’ हें सामुदायिक नभोवाणी केंद्र निघालें, आणि ज्या बायकांना कोणी कधीं विचारलें नव्हतें, त्या स्वतःच ध्वनिक्षेपकापुढें बसूं लागल्या. जें कानांसाठीं साधलें, तें डोळ्यांसाठीं अशक्य होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने भूप्रक्षेपक बंद झाले आहेत. आज प्रत्येकाच्या हातांत कॅमेरा आहे, आणि जो तो बोलतो आहे. परंतु गर्दींतील शंभर आवाज म्हणजे केंद्र नव्हे. बातमी पारखून देणारा, चूक झाल्यास दुसऱ्या दिवशीं त्याच गांवांत मान खालीं घालून ती कबूल करणारा, असा जबाबदार माणूस केंद्राला लागतो. खांब गेल्याचें आम्हांस दुःख नाहीं. तो माणूस त्या खांबापाशीं कधीं बसविलाच गेला नाहीं, याचें आहे.