पांडुरंगाला मूल्यं नव्हती का?

नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग शेवटी गावी परततो. वर्गात मुलं आम्हाला म्हणायची, ‘सर, याला कसलीच मूल्यं नाहीत.’ आम्हीही मान डोलवायचो. चूक दोघांचीही एकच. मूल्यं म्हणजे विचारल्यावर घडाघडा सांगता येणारी यादी, असं आम्ही धरून चाललो होतो. पण धाकटी मनी जाते, तेव्हा पांडुरंग कसा कोसळतो बघा. काय मोलाचं होतं, ते तिथं कळतं. कादंबरीची मर्यादाही तीच, त्या दुःखातून तो पुढं काही उभं करत नाही. म्हणून तरुणांना ‘तुमची मूल्यं कोणती?’ हे नको. ‘काय गेलं तर मोडून पडाल, आणि त्यासाठी आज काय करता?’ हे विचारूया. आधी स्वतःला.