अपुरा कॅट

पत्त्यांचा कॅट विकत घेतला की त्यात 52 पाने असतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 120, जपानच्या हानाफुदात 48. त्यातले एक पान हरवले की कॅट बाद. उरलेल्या पानांचे मुलांनी बंगले बांधावेत. खेळ पुरा देणे हे विकणाऱ्याचे काम, असे शतकानुशतके धरून चाललेले होते. 1993 साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ रचला आणि ही समजूत उलटवली. चित्रे जमवण्याचा नाद जुनाच. सिगारेटच्या पाकिटातल्या चित्रांचा तिकडे, काड्यापेटीच्या छापांचा आपल्याकडे. पण खेळच अपुरा विकायचा, बंद पुडक्यात काय निघेल ते घेणाऱ्याला कळू द्यायचे नाही, आणि प्रत्येकाने आपापला कॅट जमवत खेळायचे, हे नवे होते.

ट्रेडिंग कार्डांच्या आणि गेम कन्सोलच्या आकर्षणाबद्दल बोलताना चित्रांची चमक, स्मरणरंजन, जुगार ही कारणे लगेच पुढे येतात. ती खोटी नाहीत. तरी ती अपुरेपणाच्या या कल्पनेपर्यंत पोचत नाहीत. ही कल्पना कलाकृती म्हणून सर्वांत नेमकी उतरली ती पत्त्यांत नव्हे, फेब्रुवारी 1996 मध्ये जपानात आलेल्या ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ या गेम बॉयवरच्या जोडखेळात.

गेम बॉय काढणारी निन्तेन्दो ही मुळात पत्त्यांचीच कंपनी. 1889 मध्ये क्योतोत फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा बनवण्यासाठी ती सुरू केली. (पत्त्यांना जपानीत ‘कारुता’ म्हणतात, हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘कार्ता’वरून आलेला. गोव्याच्या वाचकाला त्यात ओळखीचे काही ऐकू येईल.) ‘पोकेमॉन’चे जनक सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडत. शहर वाढले, तळी बुजली, किडे गेले. 1983 मध्ये त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित, पिना मारलेले नियतकालिक काढले. चित्रकार केन सुगिमोरी तिथेच येऊन मिळाले आणि पुढे त्या नियतकालिकाची खेळ बनवणारी संस्था झाली. लघुनियतकालिकांची परंपरा सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वळण हेवा वाटावा असे आहे.

दोन गेम बॉय जोडणारी केबल ताजिरींनी पाहिली, तेव्हा त्यांना तिच्यावरून सरपटत पलीकडे जाणारा किडा दिसला. तोवर ती केबल मुख्यतः एकमेकांना हरवण्यासाठी वापरली जात असे. ताजिरींनी ती देण्याघेण्यासाठी वापरली. ‘रेड’मध्ये काही प्राणी नाहीत, ‘ग्रीन’मध्ये दुसरे काही नाहीत, एकट्याने कितीही रात्री जागवल्या तरी यादी पुरी होत नाही. त्यामागे धंदा नव्हता असे नाही. दोन आवृत्त्या विकणे हा उघड धंदा आहे. पण त्या खेळातली एक गोष्ट नुसत्या धंद्याने सुचणारी नाही. हाँटर, कडाब्रा, मचोक आणि ग्रॅव्हलर हे चार प्राणी दुसऱ्याला देऊन टाकल्याशिवाय आपल्या अखेरच्या रूपाला पोचतच नाहीत. केबलवरून पलीकडे गेलेला हाँटर तिथे गेंगर होतो. तो तुमच्या हाती असताना जे होऊ शकत नव्हता, ते मित्राच्या हाती होतो. पलीकडे गेल्यावरही त्याच्यावर पहिल्या मालकाचे नाव राहते. नव्या घरी तो अधिक वेगाने वाढतो, आणि नवा मालक पुरेसा तयार नसेल तर त्याचे ऐकत नाही. इतक्या थोड्या नियमांत दत्तक जाण्याची एवढी गोष्ट सांगणारे कथानक मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेले नाही. हे सारे चार छटांच्या पडद्यावर, चार सेलवर चालणाऱ्या यंत्रात. यंत्राची ताकद आणि त्याचे आकर्षण यांचा संबंध जाहिराती सांगतात तितका सरळ नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘पोकेमॉन’ची कार्डे आली आणि 1999 च्या आरंभी ती अमेरिकेत पोचली. भारतात गेम बॉय फार थोड्या घरांत होता; बहुतेकांना पोकेमॉन भेटला तो दूरचित्रवाणीवर आणि वेफर्सच्या पुड्यांतल्या टॅझोंत. कार्डांतही अपुरेपणा आहे, पण तो वेगळ्या जातीचा. खेळातली उणीव मित्र भरून काढू शकत असे. पुडक्यातली उणीव मित्र भरू शकतो, आणि पुढचे पुडकेही. हा ‘ही’ फार महागात पडला. 1999 मध्येच अमेरिकेत ही विक्री म्हणजे जुगार आहे असा दावा न्यायालयात गेला, आणि कितीतरी शाळांनी कार्डांना बंदी केली.

‘पिकाचू इलस्ट्रेटर’ या कार्डाची कथा या संदर्भात वाचण्यासारखी आहे. 1997-98 मध्ये ‘कोरोकोरो’ या जपानी बालमासिकाच्या चित्रस्पर्धांत जिंकलेल्यांना हे कार्ड बक्षीस मिळाले. कार्डावर ‘ट्रेनर’ लिहितात तिथे यावर ‘इलस्ट्रेटर’ लिहिलेले आहे. म्हणजे ते विकत घेण्याचे नव्हतेच; चित्र काढून मिळवायचे होते. त्यातले एक, 10 पैकी 10 गुणांचे प्रमाणपत्र मिळालेले, लोगन पॉल यांनी 2021 मध्ये 52 लाख 75 हजार डॉलरच्या सौद्यात मिळवले आणि पुढच्या वर्षी कुस्तीच्या रिंगणात गळ्यात घालून आणले. गंमत अशी की तो सौदाही अदलाबदलीचाच होता: याच कार्डाची 9 गुणांची प्रत आणि वर 40 लाख रोख. कठीण प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद केलेले ते पान आता कुणी पिसू शकत नाही, वाटू शकत नाही. बोटाचा ठसा उमटला तर किंमत पडते. मुलांच्या हातातल्या पत्त्याची खरी खूण म्हणजे त्याच्या झिजलेल्या कडा. बाजार तिलाच दोष मानतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या मोबाइल खेळात हे आणखी पुढे गेले. तिथे अदलाबदल सुरू झाली ती काही महिन्यांनी, आणि दुर्मिळ कार्ड बदलून घ्यायचे तर आधी आपली दुसरी कार्डे मोडून टोकन मिळवा, अशी अट होती. खेळणाऱ्यांनी ओरड केली आणि अट पुढे बदलली. पण ती कुणाला सुचली, हेच बोलके आहे. देणे हे ज्या खेळाचे हृदय, तिथे देण्यावर जकात बसली.

कन्सोलचेही तसेच चालले आहे. जून 2025 मध्ये आलेल्या ‘स्विच 2’च्या काही खेळांच्या कार्डांत खेळ नसतोच, डाउनलोड करण्याची किल्ली तेवढी असते. ती किल्ली मित्राला देता येते, विकता येते, एवढे तिच्या बाजूने म्हणायला हवे. डाउनलोड करून घेतलेले खेळही आता उसने देता येतात, पण कुटुंब म्हणून नोंदवलेल्या माणसालाच, आणि 14 दिवसांनी ते आपोआप परत येतात. मागावे लागत नाही, आठवण करून द्यावी लागत नाही, भांडण होत नाही. 1996 च्या त्या केबलवरून गेलेला हाँटर परत हवा असेल, तर तो मित्राकडे जाऊन मागावा लागे. तोवर तो गेंगर झालेला असे, आणि मित्र तो देईलच असे नसे.